बॅकअपमधलं डीडुप्लिकेशन: कोल्हापुरातल्या कारखानदार, पतसंस्था आणि स्टुडिओवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावचे कारखाने, शाहूपुरीतल्या पतसंस्था, राजारामपुरीतले फोटो स्टुडिओ अशा ठिकाणी बॅकअपची कामं करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र घेतलेत. एक गोष्ट आधीच सांगतो. डीडुप्लिकेशनचं यंत्र ठरवताना जागा किती वाचेल हे सगळे विचारतात. डेटा परत किती वेळात हातात पडेल, हे त्याच्या आधी विचारा. खालची बहुतेक उत्तरं त्या एका प्रश्नातून निघालेली आहेत.

डीडुप्लिकेशन म्हणजे नेमकं काय? आम्ही रोज झिप करून ठेवतो, तेच ना?

नाही. झिप एकाच फाइलच्या पोटातली पुनरावृत्ती शोधते, आणि तिची नजर ३२ केबी मागच्या मजकुरापलीकडे जात नाही. कालच्या आणि आजच्या झिपमध्ये जवळजवळ सगळा मजकूर तोच असला, तरी दोन्ही झिप पूर्ण जागा खातात.

डीडुप सगळा डेटा तुकड्यांत कापतं आणि प्रत्येक तुकड्याचा हॅश काढतं, म्हणजे त्या तुकड्याच्या अंगठ्याचा ठसा म्हणा. तो ठसा आधी नोंदलेला असेल तर तुकडा पुन्हा लिहिला जात नाही. ‘अमुक तुकडा इथे लागतो’ एवढीच नोंद होते. फाउंड्रीवाल्यांना हे लगेच कळतं. पॅटर्न (ज्यावरून साचा करतात तो नमुना) एक, कास्टिंग हजार. जपून ठेवायचा तो पॅटर्न. पण पॅटर्नला तडा गेला की त्यावरची प्रत्येक ऑर्डर अडकते, हेही त्यांना सांगावं लागत नाही.

तुकडे सारख्या मापाचे असावेत की लहानमोठे?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अंबाबाईच्या दर्शनरांगेचं उदाहरण घ्या. रांगेतल्या माणसांचे पुढून दहा-दहाचे गट पाडले आणि प्रत्येक गटाची यादी लिहून ठेवली. आता सगळ्यात पुढे एक माणूस नव्याने येऊन उभा राहिला. पुन्हा दहा-दहाचे गट पाडा. प्रत्येक गटातला शेवटचा माणूस मागच्या गटात ढकलला गेला, आणि एकही यादी जुन्या यादीशी जुळत नाही. माणसं तीच, पण ओळख गेली. सारख्या मापाच्या तुकड्यांचं हेच होतं. फाइलच्या सुरुवातीला दोन अक्षरं वाढली की पुढचे सगळे तुकडे ‘नवे’ ठरतात.

आता नियम बदला: फेटा बांधलेला माणूस आला की गट तिथे तोडायचा. पुढे कोणी घुसला तर फक्त पहिला गट बदलेल, बाकीचे गट फेटेवाल्यांच्या जागी पूर्वीसारखेच तुटतील. सीमा मजकुरावरून ठरली, मोजणीवरून नाही. संगणकात फेट्याचं काम एक सरकता हॅश करतो. मायकेल रॅबिन यांनी १९८१ साली मांडलेली ठशाची पद्धत यासाठी आजही वापरात आहे. रेस्टिक हे बॅकअपचं सॉफ्टवेअर तीच वापरतं आणि तुकडा ५१२ केबी ते ८ एमबी, सरासरी १ एमबीच्या आसपास ठेवतं. बोर्ग हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर बझहॅश नावाची पद्धत वापरतं, सेटिंग न बदलता त्याचा तुकडा सरासरी २ एमबीच्या आसपास असतो.

मग सारखे तुकडे टाकाऊ आहेत का? मुळीच नाही. व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाच्या, डिस्कमध्ये मजकूर सरकत नाही, तो ठरलेल्या ब्लॉकमध्ये जागच्या जागी बदलतो. तिथे सारखं मापच योग्य, आणि प्रोसेसरचा वेळही वाचतो. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर म्हणूनच मशीनच्या डिस्कसाठी ४ एमबीचे सारखे तुकडे करतो आणि फाइलींसाठी लहानमोठे.

आमच्या डेटात किती जागा वाचेल?

डेटावर अवलंबून. एकाच प्रकारच्या विंडोजची दहा व्हर्च्युअल मशीन्स असतील तर भरपूर वाचते. ऑफिसच्या फाइली, रोज थोडा बदलणारा डेटाबेस, ड्रॉइंगच्या एकामागून एक आवृत्त्या यांतही चांगली वाचते. लग्नाचे फोटो, व्हिडिओ, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, एक्स-रेच्या आधीच दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) प्रतिमा यांत पहिल्या बॅकअपला जवळपास काहीच वाचत नाही. स्टुडिओवाल्यांना मी सरळ सांगतो: तुमचा ३ टीबी फोटोंचा साठा ३ टीबीच राहणार. फायदा एवढाच की तोच फोटो चार फोल्डरांत कॉपी झाला असेल तर एकदाच साठेल, आणि दुसऱ्या दिवशीचा बॅकअप फक्त नव्या फोटोंचा होईल. त्यासाठी महागडं डीडुपचं यंत्र घेण्याऐवजी तेच पैसे आणखी दोन डिस्कांवर घाला.

विक्रेता २०:१ म्हणतो, दुसरा १०:१ म्हणतो. पहिला दुप्पट चांगला ना?

आकडा टक्क्यांत मांडून बघा. १०:१ म्हणजे ९० टक्के बचत, २०:१ म्हणजे ९५ टक्के. १०० टीबीचा बॅकअप एकाकडे १० टीबीत बसला, दुसऱ्याकडे ५ टीबीत. फरक ५ टीबीचा, म्हणजे एका डिस्कचा.

शिवाय हे गुणोत्तर कशाच्या तुलनेत काढलंय? रोज पूर्ण बॅकअप घेतला तर तीस दिवसांत तीच फाइल तीस वेळा येते आणि गुणोत्तर आपोआप फुगतं. तुम्ही आधीच आठवड्यातून एक पूर्ण आणि रोज फक्त बदलांचा बॅकअप घेत असाल, तर तेच यंत्र ३:१ किंवा ४:१ दाखवेल, आणि प्रत्यक्ष डिस्कवर जागा जवळपास तेवढीच लागेल. विक्रेत्याकडून दोनच गोष्टी लिहून घ्या: तुमच्या डेटासाठी किती टीबी डिस्क लागेल, आणि ५०० जीबी परत आणायला किती तास लागतील.

रॅम किती लागते?

प्रत्येक तुकड्याचा ठसा आणि पत्ता इंडेक्समध्ये असतो, आणि नवा तुकडा आला की आधी त्या इंडेक्समध्ये पाहावं लागतं. इंडेक्स रॅममध्ये मावला तर काम झरझर होतं. मावला नाही तर प्रत्येक तुकड्यासाठी डिस्ककडे धाव.

हिशोब घरी करता येतो. १० टीबी वेगळा डेटा आणि ८ केबीचे तुकडे घेतले तर सुमारे १३४ कोटी तुकडे होतात. एका नोंदीला ४८ बाइट धरले तरी इंडेक्स ६४ जीबीचा झाला. तोच डेटा १ एमबीच्या तुकड्यांत कापला तर एक कोटीच्या थोडे वर तुकडे आणि इंडेक्स अर्धा जीबी. लहान तुकड्यांनी पुनरावृत्ती जास्त सापडते, पण तिची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. आपल्याकडच्या ३०-४० संगणकांच्या कारखान्याला १ ते ४ एमबीचे तुकडे पुरतात, असं माझं मत आहे.

डिस्कवरच्या फाइली सांभाळणाऱ्या झेडएफएस या यंत्रणेचं अंगभूत डीडुप चालू करण्याआधी हा हिशोब कराच. जुन्या पद्धतीत एका ब्लॉकची नोंद रॅममध्ये सुमारे ३२० बाइट घेते. १२८ केबीच्या ब्लॉकला दर टीबीमागे अडीच जीबीच्या आसपास रॅम, आणि ब्लॉक ८ केबीचा असेल तर तीच ४० जीबी. बरेच जण ‘एक बटण तर दाबायचंय’ म्हणून चालू करतात आणि दोन महिन्यांनी फाइल पुसायलाही मिनिटं लागू लागतात. बटण बंद केलं तरी आधी लिहिलेला डेटा तसाच राहतो. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ओपनझेडएफएस २.३ ने ही यंत्रणा बरीच सुधारली आहे. तरीही बॅकअपसाठी मी डीडुप बॅकअपच्या सॉफ्टवेअरलाच करू देतो आणि खाली झेडएफएस फक्त कॉम्प्रेशन आणि चेकसमसाठी (डेटा बिघडला का हे तपासण्यासाठी) ठेवतो.

रॅम ईसीसी, म्हणजे बिटची चूक स्वतः पकडून दुरुस्त करणारी घ्या. हॅश काढायच्या आधी रॅममध्ये एक बिट उलटला, तर चुकीचा तुकडा व्यवस्थित ठशासकट साठतो आणि पुढचे सगळे बॅकअप त्यावर विसंबतात.

डिस्क कोणत्या घ्यायच्या? सगळ्या एसएसडीच लागतात का?

परवडत असतील तर जरूर घ्या, प्रश्नच मिटतो. नसतील तर मोठा डेटा साध्या ७२०० आरपीएमच्या डिस्कवर, आणि इंडेक्स व मेटाडेटा (कुठलं काय कुठे आहे याच्या नोंदी) दोन एसएसडींवर, जे एकीवर तेच दुसरीवर. एसएमआर तंत्राच्या डिस्क टाळा. त्यांत ट्रॅक एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले असतात, मधला एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. जुने तुकडे पुसून नवे लिहिणं हेच डीडुपचं रोजचं काम, आणि तिथेच त्या गुडघे टेकतात. खोक्यावर लिहिलेलं नसतं, म्हणून मॉडेल नंबर उत्पादकाच्या यादीत तपासा.

रेड ६ किंवा झेडएफएसचं रेडझेड२, म्हणजे दोन डिस्क एकाच वेळी गेल्या तरी तरेल अशी मांडणी. ८ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने भरायलाच १५ तास लागतात, आणि त्या १५ तासांत दुसरी डिस्क आजारी पडू शकते.

बॅकअप पटकन होतो, मग रिस्टोरला इतका वेळ का?

उद्यमनगरातल्या एका कारखान्यात शुक्रवारी संध्याकाळी फाइल सर्व्हर गेला. बॅकअप ठणठणीत होता. मीच बसवलेल्या यंत्रात ६४ केबीचे तुकडे आणि साध्या डिस्क होत्या. ५०० जीबी परत आणायचे होते. सुरुवातीला कास्टिंगच्या फोटोंचं फोल्डर आलं, सेकंदाला ८० एमबीच्या वेगाने. मला वाटलं, दोन तासांत घरी. मग ड्रॉइंगचं फोल्डर लागलं, आणि वेग ४ एमबीवर येऊन बसला. डिस्कांचा तो बारीक कटकट आवाज थांबेचना.

कारण सरळ होतं. फोटो एकदा लिहिले आणि कधी बदलले नाहीत, त्यांचे तुकडे डिस्कवर शेजारी शेजारी होते. ड्रॉइंग दोन वर्षं रोज बदलत होती. एका ड्रॉइंगचा एक तुकडा मार्चमधला, दुसरा दिवाळीतला, तिसरा परवाचा, आणि तिघे डिस्कच्या तीन टोकांना. साधी डिस्क सेकंदाला ७०-८० वेळाच अशी उडी मारू शकते. ६४ केबी गुणिले ७०, झाले साडेचार एमबी. या वेगाने ५०० जीबीला तीस तासांच्या वर लागतात. १ एमबीचे तुकडे असते तर तेवढ्याच उड्यांत दीड-दोन तासांचं काम होतं.

पॅटर्न शॉपचे मिस्त्री रात्री दहापर्यंत थांबले होते. शेवटी म्हणाले, ‘‘साहेब, बाकीचं ऱ्हाऊ दे, त्या पंपाच्या बॉडीचं तेवढं काढून द्या.’’ रिस्टोर थांबवून ते एक फोल्डर आधी काढलं, ११ मिनिटं लागली. उरलेलं रविवारी सकाळी संपलं.

त्यानंतर मी दोन गोष्टी सगळीकडे करतो. एक, शेवटचा एक बॅकअप डीडुप न करता, फाइली जशाच्या तशा वेगळ्या डिस्कवर ठेवतो. अख्खा सर्व्हर उभा करायची वेळ आली तर तो तिथून येतो. डीडुपचा साठा मागच्या तारखांसाठी. दोन, रिस्टोरचा क्रम कागदावर लिहून सर्व्हरच्या कपाटाला आतून चिकटवतो: आधी कुठलं फोल्डर, मग कुठलं. तो क्रम मालकाने आणि मिस्त्रींनी ठरवायचा असतो.

डीडुप बॅकअप घेतानाच करायचं की नंतर? आणि कुठल्या मशीनवर?

घेतानाच केलं तर डिस्क कमी लागते, प्रोसेसर जास्त. नंतर केलं तर आधी सगळा बॅकअप मावेल एवढी जागा हवी आणि रात्र संपायच्या आत काम उरकायला हवं. विंडोज सर्व्हरमध्ये २०१२ पासून असलेलं डीडुप नंतर करतं, ३२ ते १२८ केबीच्या लहानमोठ्या तुकड्यांत.

शाखा असतील तर डीडुप शाखेच्याच संगणकावर व्हावं. गडहिंग्लजच्या शाखेतून शाहूपुरीच्या मुख्य कार्यालयात नवे तुकडेच यावेत, म्हणजे साध्या लाइनवर काम भागतं. बोर्ग आणि रेस्टिक हेच करतात.

दोन वेगळ्या तुकड्यांचा हॅश एकच निघाला तर?

हॅश काढायची एसएचए-२५६ ही पद्धत वापरत असाल तर या भीतीने झोप उडवू नका. वरच्या १३४ कोटी तुकड्यांत तसं होण्याची शक्यता एक भागिले १ वर जवळपास ५९ शून्यं इतकी आहे. रॅम किंवा केबल चूक करण्याची शक्यता त्यापुढे डोंगराएवढी.

जुना एसएचए-१ मात्र नको. २०१७ साली गूगल आणि ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने एकच एसएचए-१ असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ बनवून दाखवल्या. त्या वेबकिट या ब्राउझर इंजिनचा प्रोग्राम जपणाऱ्या सबव्हर्जन साठ्यात टाकल्या गेल्या आणि साठा अडकला, कारण तिथलं डीडुप एसएचए-१ वरच चालत होतं.

एक तुकडा खराब झाला तर किती नुकसान?

तो तुकडा जिथे जिथे लागतो तिथे सगळीकडे. तीस दिवसांचे तीस बॅकअप दिसत असले, तरी न बदललेल्या मजकुराची डिस्कवर प्रत एकच आहे. म्हणून महिन्यातून एकदा सगळे तुकडे वाचून हॅश पुन्हा पडताळा. रेस्टिकमध्ये तपासणीच्या आज्ञेला ‘रीड डेटा’ हा पर्याय जोडावा लागतो. तो न जोडता केलेली तपासणी तुकड्यांच्या पोटात बघत नाही. साठा मोठा असेल तर दर आठवड्याला त्याचा एक भाग.

डेटाबेसचा बॅकअप रोज पूर्ण जागा खातो. असं का?

बहुतेक वेळा डेटाबेसच्या बॅकअपमध्ये कॉम्प्रेशन चालू असतं. दाबलेल्या फाइलीत सुरुवातीचा एक बाइट बदलला की पुढचं सगळं बदलतं, आणि फेटेवाला सापडतच नाही. एसक्यूएल सर्व्हरचं कॉम्प्रेशन त्या जॉबपुरतं बंद करा, दाबण्याचं काम डीडुपनंतर बॅकअपचं सॉफ्टवेअर करेल. लिनक्सवर जीझिप वापरावंच लागत असेल तर त्याचा ‘आरसिंकेबल’ पर्याय लावा, म्हणजे बदलाचा परिणाम जवळपासच्या भागापुरताच राहतो. एन्क्रिप्शनचंही तसंच: आधी डीडुप, मग दाबणं, मग कुलूप.

जुने बॅकअप काढून टाकले तरी डिस्क भरलेलीच दिसते.

बॅकअप काढून टाकला म्हणजे फक्त त्याच्या तुकड्यांची यादी गेली. तुकडा दुसऱ्या कोणत्या यादीत आहे का, हे सगळ्या याद्या बघून झाल्यावरच तो पुसता येतो, आणि ते काम वेगळं चालवावं लागतं. प्रॉक्समॉक्सवाल्यांनी लक्षात ठेवा: तिथे २४ तास ५ मिनिटांच्या आत वापरात आलेला तुकडा पुसला जात नाही, म्हणून आज काढून टाकलेल्याची जागा उद्या सुटते. डिस्क ८० टक्क्यांवर गेली की जागे व्हा. पूर्ण भरल्यावर साफसफाईलाही जागा उरत नाही.

पुराचं काय?

आपल्याकडे हा प्रश्न हार्डवेअरच्या यादीत पहिल्या पानावर हवा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दसरा चौकात पाणी होतं. त्या वर्षी आणि २०२१ मध्येही शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला होता. तळमजल्यावर ठेवलेला बॅकअप सर्व्हर आणि शेजारच्या गल्लीतली दुसरी प्रत, दोन्ही एकाच पाण्यात जातात.

दुसरी प्रत उजळाईवाडी, विद्यापीठ परिसर अशा उंचावरच्या भागात, आणि जमलं तर तिसरी जिल्ह्याबाहेर. डीडुपमुळे हे स्वस्तात होतं. ३ टीबीची पहिली प्रत १०० एमबीपीएसच्या लाइनवरून पाठवायला जवळपास तीन दिवस लागतात. ती डिस्कवर घालून गाडीने न्या. त्यानंतर रोजचे ३० जीबी नवे तुकडे ४० मिनिटांत जातात. ही नेआण मे महिन्यातच उरका. ऑगस्टमध्ये रस्ता मिळेलच असं नाही.

दूरची प्रत ‘फक्त भर घालता येईल, पुसता येणार नाही’ अशा पद्धतीने ठेवा. खंडणीखोर व्हायरस कार्यालयातल्या संगणकावर बसला तर तो बॅकअपही पुसायला बघतो. आणि एन्क्रिप्शनची किल्ली सर्व्हरवरच ठेवू नका. कागदावर छापून लॉकरमध्ये.

३ टीबी डेटाच्या कारखान्यासाठी नेमकं काय घेऊ?

रोज एक टक्का, म्हणजे ३० जीबी बदल धरू. ३० दिवसांचे आणि १२ महिन्यांचे बॅकअप ठेवायचे. रोज पूर्ण प्रत ठेवली असती तर ४२ प्रतींचे १२६ टीबी झाले असते. डीडुपमध्ये पहिले ३ टीबी, तीस दिवसांचे बदल ०.९ टीबी, महिन्यांचे वेगळे बदल दरमहा १५० जीबी धरून १.८ टीबी. एकूण ५.७. दोन वर्षांची वाढ धरून ८, आणि साफसफाईला मोकळी जागा ठेवून ११ ते १२ टीबी.

म्हणजे ६ टीबीच्या चार डिस्क रेडझेड२ मध्ये, वापरायला १२ टीबी. दोन एसएसडी मेटाडेटाला. शेवटच्या बॅकअपच्या सरळ प्रतीसाठी एक वेगळी ४ टीबीची डिस्क. ३२ जीबी ईसीसी रॅम, चार-सहा कोअरचा प्रोसेसर, आणि वीज गेल्यावर मशीन आपोआप व्यवस्थित बंद होईल असा सर्व्हरशी केबलने जोडलेला यूपीएस. नुसता बॅटरीवर चालणारा यूपीएस पुरत नाही. लिहिणं चालू असताना बॅटरी संपली तर इंडेक्स अर्धवट राहू शकतो.

आधी जुन्या पीसीवर करून बघू का?

जरूर बघा. खरेदीआधी तेच करायला मी सांगतो. जुन्या पीसीत एक मोठी डिस्क टाका, रेस्टिक किंवा बोर्गने तुमच्याच डेटाचा रोज बॅकअप घ्या, पंधरा दिवस. रोज सकाळी साठ्याचा आकार वहीत लिहा. सोळाव्या दिवशी ड्रॉइंगचं सगळ्यात जास्त बदलणारं फोल्डर रिकाम्या डिस्कवर रिस्टोर करा आणि किती मिनिटं लागली ते त्याच वहीत लिहा. कोटेशन मागवताना ती वही बरोबर घेऊन जा.